धाग्याचे तिसरे टोक

मायदेशापासून दूर वाढलेल्या चित्रकाराची ओळख करून देण्याची एक ठरलेली रीत आता जगभर रूढ झाली आहे. जन्म कुठला, आई-वडील कुठले, कितव्या वर्षी गाव सुटले हे सांगून झाले, की पुढचे वाक्य हमखास स्वत्वाच्या शोधाचे असते. दोन जगांमध्ये अडकलेला जीव, हरवलेले घर, आजीच्या पेटीतल्या वस्तू. चित्र नीट पाहण्याआधीच ते कशाबद्दल आहे हे ठरून जाते, आणि ज्या शहराच्या कलादालनात ते टांगलेले असते त्या शहराचा त्याच्याशी संबंध उरतो तो केवळ यजमानपणाचा. वाचनाची ही रीत मला अपुरी वाटते, आणि दिशाभूल करणारीही. गेल्या चाळीस वर्षांत अशा कलावंतांनी केलेले सर्वांत भक्कम काम पाहिले, तर त्यात ‘मी कोण’ यापेक्षा ‘इथे काय घडले’ हा प्रश्न मोठा दिसतो. ज्या बंदरात, ज्या जिल्ह्यात, ज्या गावात ते येऊन राहिले त्या जागेचा इतिहास त्यांनी खणून काढला, आणि तो खणताना कोणत्याही प्रदेशाचा इतिहास त्याच्या वेशीच्या आत पुरा होत नाही हे दाखवून दिले. हे मी मुख्यतः एका चित्रकर्तीच्या आणि एका इंग्रजी परगण्याच्या आधाराने मांडणार आहे. परगणा लँकेशायर. मराठी वाचकाला तो मँचेस्टरच्या कापडामुळे आणि स्वदेशीच्या चळवळीमुळे ऐकून माहीत असतो. पण वऱ्हाड-खानदेशाशी त्याचे नाते त्याहून जुने आणि जास्त गुंत्याचे आहे.

लुबेना हिमिद यांचा जन्म १९५४ साली झांझिबारमध्ये झाला. वडील कोमोरोस बेटांवरचे. मुलगी अवघ्या काही महिन्यांची असताना ते मलेरियाने गेले. आई कापडावरच्या नक्षीची डिझायनर होती, ती बाळाला घेऊन इंग्लंडला परतली. लंडनमध्ये हिमिद यांनी नेपथ्याचे शिक्षण घेतले, १९८०च्या दशकात कृष्णवर्णीय स्त्री-चित्रकारांची प्रदर्शने खटपट करून भरवली, आणि नव्वदच्या सुमारास लँकेशायरमधल्या प्रेस्टनला येऊन त्या तिथल्या विद्यापीठात शिकवू लागल्या. २०१७ मध्ये टर्नर पारितोषिक मिळाले तेव्हा त्या ६३ वर्षांच्या होत्या. हा मान मिळालेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. ठरलेल्या रीतीने पाहिले तर या चरित्रात स्वत्वाच्या शोधाचा सगळा ऐवज हजर आहे: लहानपणीच तुटलेले बेट, न पाहिलेला बाप, दोन वंशांचे रक्त. पण २००७ साली, ब्रिटिश गुलामव्यापार बंद करणाऱ्या कायद्याला दोनशे वर्षे झाली त्या निमित्ताने, त्यांनी काय केले ते पाहावे. लँकेस्टर, प्रेस्टन, व्हाइटहेवन या गावांतल्या दुकानांतून आणि बाजारांतून त्यांनी जुन्या चिनीमातीच्या बशा, सुपाची भांडी, सुरया गोळा केल्या. अशी शंभर भांडी झाली. त्यांवरची मूळची फुलापानांची नक्षी पूर्ण न पुसता तिच्यावर चित्रे रंगवली. काही भांड्यांवर अठराव्या शतकातल्या कृष्णवर्णीय नोकर-गुलामांचे चेहरे आहेत, शांत आणि ताठ मानेचे. काहींवर गुलामीबंदीच्या बातमीने पोटात ढवळून आलेले, चक्क ओकणारे गोरे धनिक आहेत. हा संच त्यांनी मांडला तो लँकेस्टरमधल्या ‘जजेस लॉजिंग्ज’ या सतराव्या शतकातल्या वाड्यात. खटले चालवायला येणारे न्यायाधीश एकेकाळी तिथे उतरत. आज तिथे गिलो घराण्याने बनवलेल्या फर्निचरचे संग्रहालय आहे.

लँकेस्टर हे आज शांत नदीकाठचे छोटे शहर आहे, पण अठराव्या शतकात गुलामांच्या व्यापारात इंग्लंडच्या बंदरांमध्ये त्याचा क्रमांक चौथा होता. लंडन, ब्रिस्टल आणि लिव्हरपूलच्या खालोखाल. सुमारे २०० फेऱ्या या बंदरातल्या जहाजांनी आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे केल्या. गिलोंचे फर्निचर ज्या महोगनीचे होते ती वेस्ट इंडीजमधून येई, आणि बंदरावरचे १७६४चे कस्टम हाऊस रिचर्ड गिलो यांनीच आखले होते. म्हणजे ज्या टेबलावर शहरातली प्रतिष्ठित मंडळी जेवत होती, त्याचे लाकूड, त्यावरची साखर, ती आणणारी जहाजे आणि त्यांची नोंद ठेवणारी इमारत या सगळ्यांची नाळ एकाच व्यापाराशी जुळलेली होती. हिमिद यांनी हे सांगायला भिंतीवर मोठा पट लावला नाही की पुतळा उभारला नाही. त्यांनी जेवणाची भांडी निवडली. भांडे हे घरातले असते, ते हाताळले जाते, वारसाने पुढच्या पिढीकडे जाते. लँकेस्टरच्या एखाद्या घरात आजही तशीच बशी फडताळात असू शकते. त्यामुळे या कामाचा पहिला श्रोता दूर राहिलेला आफ्रिकी नातलग नाही, तो लँकेस्टरचा नागरिक आहे. झांझिबारमध्ये जन्मलेल्या स्त्रीने एका इंग्रजी गावाला त्याच्याच ताटात काय वाढलेले होते ते दाखवले. याला ओळखीची कला म्हणणे म्हणजे कामाचा सारा रोख उलटा फिरवणे आहे. हा स्थानिक इतिहास आहे, आणि तो सांगायला परकेपणाची एक विशिष्ट जागा उपयोगी पडली एवढेच.

पहिला आक्षेप इतिहासाच्या अभ्यासकाकडून येईल, आणि तो गंभीर आहे. चित्रकाराला कागदपत्रांची शिस्त नसते. तो नावे रचतो, चेहरे कल्पितो, आणि प्रेक्षक ते खरे मानून घरी जातो. हिमिद यांच्याच ‘नेमिंग द मनी’ या २००४च्या कामाकडे बोट दाखवता येईल. तिथे लाकडावर रंगवलेल्या, माणसाएवढ्या उंचीच्या शंभर आकृत्या उभ्या आहेत: ढोलवादक, नर्तक, मोची, कुंभार, नकाशे काढणारे, जडीबुटीचे जाणकार, खेळणी बनवणारे, कुत्र्यांना शिकवणारे. प्रत्येकाच्या पाठीवर हिशेबाच्या कागदावर चार-पाच ओळी आहेत. त्यांत त्याचे खरे नाव, मालकाने ठेवलेले नाव, पूर्वीचे काम, आता करावे लागणारे काम, आणि एवढे होऊनही त्याच्यापाशी शिल्लक राहिलेले काहीतरी. ही माणसे याच नावांनी होऊन गेली असा कुठलाही पुरावा नाही. नावे चित्रकर्तीने दिली आहेत. मग हा इतिहास कसा? माझे उत्तर असे की जहाजाच्या आणि मळ्याच्या वह्यांमध्ये माणसाचे वय, लिंग, किंमत, फार तर कसब नोंदलेले असते, आणि त्या नोंदीला आपण बिनतक्रार पुरावा म्हणतो. तीही एका बाजूने रचलेलीच गोष्ट आहे. ‘सीझर’ किंवा ‘सॅली’ हे त्या माणसाचे नाव नव्हे, ते मालकाच्या सोयीचे लेबल आहे. हिमिद यांच्या आकृत्या स्वतःला दस्तऐवज म्हणवत नाहीत. पातळ लाकडाच्या, मागून टेकू दिलेल्या, नाटकातल्या नेपथ्यासारख्या त्या उभ्या आहेत, आणि त्यांच्यामागे जाऊन वाचल्याशिवाय काही कळत नाही. आपण बनवलेल्या आहोत हे त्या पहिल्या क्षणापासून उघड करतात. फसवणूक तिथे होते जिथे रचलेले खरे म्हणून खपवले जाते. इथे उलट, ज्याला खरे मानत आलो त्या वहीतले रिकामे रकाने किती आहेत हे दिसू लागते. त्या रकान्यांत काय लिहायचे याबद्दल वाद घालता येईल. ते रिकामे आहेत याबद्दल घालता येणार नाही.

आणि सगळेच कलावंत रकाने भरायला जात नाहीत. झरीना भीमजी यांची रीत नेमकी उलटी आहे, म्हणून त्यांचे उदाहरण महत्त्वाचे. त्यांचा जन्म १९६३ साली युगांडातल्या म्बरारा गावी गुजराती वंशाच्या कुटुंबात झाला. ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडण्याचे फर्मान काढले. त्या लोकांपैकी बरेच लेस्टरकडे निघाले, तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेने कंपालातल्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन त्यांना इकडे येऊ नका असे कळवले होते. भीमजी कुटुंब १९७४ मध्ये लेस्टरला आले. या सगळ्यावर भीमजी यांनी २००२ मध्ये केलेला ‘आउट ऑफ ब्लू’ हा सुमारे २४ मिनिटांचा चित्रपट पाहिला तर त्यात एकही मुलाखत नाही, निवेदन नाही, कुटुंबाचा फोटो नाही. हिरवी टेकडी, मग आग, मग एकामागून एक रिकाम्या वास्तू: तुरुंगाच्या खोल्या, बराकी, दफनभूमी, विमानतळ. आवाज मात्र आहेत, पक्ष्यांचे, कुजबुजीचे, धगीचे. माणूस काढून घेतला की भिंती बोलतात, हा त्यांचा भरवसा आहे. २०११ मध्ये ‘यलो पॅच’ साठी त्या कच्छच्या रणात, मांडवीच्या जहाजबांधणीच्या किनाऱ्यावर आणि मुंबई पोर्ट ट्रस्टच्या जुन्या कचेऱ्यांमध्ये कॅमेरा घेऊन आल्या. हिंदी महासागरापलीकडे गेलेल्या व्यापाऱ्यांचा मार्ग त्यांना जिथून निघाला तिथून पाहायचा होता. मुंबईकराने हा चित्रपट विशेष लक्ष देऊन पाहायला हवा, कारण आपण गोदी पाहतो ती मालाच्या आणि कामगारांच्या नजरेने. तिथून कायमची निघून गेलेली माणसे हा मुंबईच्या इतिहासाचा भाग आहे असे आपल्याला फारसे वाटत नाही. भीमजी काहीही रचत नाहीत, तरी त्यांचे काम हिमिद यांच्याइतकेच एका जागेकडून हिशेब मागते. शैली वेगळी असली तरी रोख तोच.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो कलावंताच्या बाजूने आहे. स्वतःबद्दल बोलण्याचा हक्क तुम्ही यांच्याकडून काढून घेता आहात का? युरोपातला गोरा चित्रकार आयुष्यभर आत्मचित्रे रंगवू शकतो. मग स्थलांतरितानेच का म्हणून गावाचा इतिहास सांगायचा? हक्काचा प्रश्न असेल तर उत्तर सरळ आहे: ज्याला जे रंगवायचे ते त्याने रंगवावे. मी हक्काबद्दल बोलत नाही, कामाच्या ताकदीबद्दल बोलतो आहे. शिवाय ‘मी’ आणि जागा यांचे भांडण असलेच पाहिजे असे नाही. गयानात जन्मलेल्या इंग्रिड पोलार्ड यांची ‘पास्टोरल इंटरल्यूड’ ही १९८७-८८ची छायाचित्रमाला पाहा. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये, कवींनी आणि पर्यटकांनी पूजलेल्या त्या निसर्गात, एक कृष्णवर्णीय व्यक्ती दगडी कुंपणाजवळ बसली आहे, ओढ्यात उभी आहे. खाली प्रथमपुरुषी मजकूर आहे. आपण या रानात नकोसे आहोत ही अस्वस्थता त्यात आहे. हे पूर्णपणे वैयक्तिक आहे. पण त्या छायाचित्रांचा परिणाम आपल्यावर होतो तो बाईच्या मनाची माहिती मिळाल्यामुळे नव्हे. त्यानंतर त्या डोंगराकडे पूर्वीसारखे निरागसपणे पाहता येत नाही म्हणून. वेस्ट इंडीजच्या मळ्यांचा पैसा त्या प्रदेशातल्या जमिनींत आणि हवेल्यांत आला होता, हे आठवल्यावाचून राहत नाही. ‘मी’ इथे निसर्गाच्या चित्रातला एक पुरावा झाला आहे. वैयक्तिकाला माझा विरोध नाही. माझे म्हणणे एवढेच की ते जेव्हा जागेला भिडते तेव्हा त्याचे मोल वाढते.

तिसरा आक्षेप संस्थांबद्दल आहे आणि मला तो सर्वांत जास्त सतावतो. ही सगळी कामे कुठे आहेत? संग्रहालयांत, विद्यापीठांत, पारितोषिकांच्या यादीत. ज्या समाजावर टीका आहे त्याच समाजाने ती विकत घेतली, शेजारी माहितीची पाटी लावली, आणि काम झाले. टीका पचवून मोठे होण्याची कला श्रीमंत संस्थांना नेहमीच येते. यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, पण एक प्रसंग मांडता येईल. हिमिद यांनी २००७ पासून दहा वर्षे ‘गार्डियन’ या वर्तमानपत्राच्या पानांवर चित्रे काढली. ज्या पानावर एखाद्या कृष्णवर्णीय माणसाचा फोटो असेल ते पान घ्यायचे, त्याच्या भोवतीचा मजकूर नक्षीने झाकायचा, आणि मग त्या फोटोजवळ उरलेला मथळा काय सांगतो आहे ते उघडे पडू द्यायचे. हेतुपूर्वक निवडलेले हे वर्तमानपत्र उदारमतवादी, सुशिक्षित, वर्णद्वेषाच्या विरोधात उभे राहणारे. म्हणूनच त्याची निवड अधिक टोचणारी. आता या पत्राचे मूळ पाहा. ते १८२१ मध्ये मँचेस्टरमध्ये सुरू झाले, संस्थापक जॉन एडवर्ड टेलर कापसाच्या व्यापारातले, आणि मदत करणाऱ्यांपैकी बहुतेकांची श्रीमंतीही त्याच धंद्यातली. २०२३ मध्ये पत्राची मालकी असलेल्या स्कॉट ट्रस्टने संशोधन करवून घेऊन संस्थापकांचा गुलामगिरीशी असलेला आर्थिक संबंध जाहीर केला आणि माफी मागितली. चित्रांमुळे माफी आली असे मी म्हणणार नाही. तसे म्हणायला आधार नाही. पण त्या पानांवर एका चित्रकर्तीने दहा वर्षे नजर रोखून ठेवली होती, आणि ज्या दिवशी संस्थेने स्वतःची वही उघडली त्या दिवशी ती जुनी चित्रे अचानक वेगळी वाचता येऊ लागली. संस्थेने विकत घेतल्याने काम मरत नाही. उलट संस्थेच्या पोटात ते तसेच राहते, आणि कधीतरी कुणीतरी ते विचारायला येते.

आता कापसाकडे. २००२ साली मँचेस्टरमध्ये हिमिद यांनी ‘कॉटन डॉट कॉम’ हे काम मांडले. काळ्या-पांढऱ्या नक्षीच्या अनेक लहान चित्रांची भिंत आणि सोबत मजकूर कोरलेली पितळी पट्टी. कल्पना अशी की अमेरिकेतल्या मळ्यांवर कापूस वेचणारे गुलाम आणि मँचेस्टरच्या गिरण्यांत तो कातणारे मजूर एकमेकांशी बोलत आहेत, आणि कापडावरची नक्षी हीच त्यांची भाषा. यामागचा इतिहास १८६१ ते १८६५चा आहे. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली, आणि लँकेशायरचा पाच भागांतला चार भाग कापूस अमेरिकेतून येत होता तो यायचा बंद झाला. गिरण्या थंडावल्या. १८६२च्या हिवाळ्यात सुमारे पाच लाख माणसे मदतीच्या अन्नावर जगत होती. तरीही ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये कामगारांनी सभा भरवून गुलामगिरीविरुद्ध लिंकनला पाठिंब्याचे पत्र धाडले, आणि जानेवारीत लिंकनचे उत्तर आले. आज त्या शहरात लिंकनचा पुतळा आहे. इतिहासकार यावर शंका घेतात. लँकेशायरमधल्या कित्येक गावांचा कल दक्षिणेकडे होता, नाकेबंदी मोडून कापूस आणावा अशी तिथे मागणी होती, असे १९७२ मध्ये मेरी एलिसन यांनी कागदपत्रांसह दाखवले. मग चित्रकर्तीने सोयीची, सुखावणारी बाजू उचलली का? काही अंशी होय, असे मला वाटते. पण या कामात कामगारांच्या थोरपणाचा गौरव नाही. दोन माणसे एकमेकांना कधीच दिसली नाहीत, तरी एकाच्या बोटांतून गेलेला तंतू दुसऱ्याच्या बोटांतून गेला, ही गोष्ट कामगारांनी कुणाला मत दिले यावर अवलंबून नाही. तंतू दक्षिणेच्या पाठीराख्याच्या हातातूनही गेलाच.

मला या कामात उणीव वाटते ती वेगळी. या संवादाला दोनच टोके आहेत. अमेरिकेचा कापूस बंद झाल्यावर लँकेशायरने जो कापूस कातला तो बहुतांश हिंदुस्थानातला होता, आणि त्यातला मोठा भाग मुंबई बंदरातून गेला: गुजरातचा, खानदेशाचा, वऱ्हाडाचा. आखूड धाग्याचा, काडीकचरा मिसळलेला हा कापूस तिथल्या कामगारांना अजिबात आवडत नसे; तो सारखा तुटे, त्यामुळे मजुरी बुडे. चर्चमध्ये कापसासाठी प्रार्थना चालली असताना एकाने ‘पण सुरतेचा नको’ अशी पुस्ती जोडली, अशी गोष्ट लँकेशायरमध्ये सांगतात. म्हणजे आपल्या शेतकऱ्याचा माल तिथे पोहोचला होता, शिव्यांसकट नोंदला गेला होता. पण हिमिद यांच्या भिंतीवर तो शेतकरी बोलत नाही. आणि या टोकाला जे घडले ते इतर दोन टोकांइतकेच भयंकर होते. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला होता. युद्धाच्या चार वर्षांत मुंबईत पैशाचा पूर आला. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांपर्यंत चढला. १ जुलै १८६५ला, युद्ध संपून भाव कोसळल्यावर, वायद्यांचा दिवस आला आणि पेढ्या बुडाल्या. त्या तेजीतले बडे सटोडिये प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून मुंबई विद्यापीठात राजाबाई टॉवर उभा राहिला, तो आजही उभा आहे. दख्खनच्या खेड्यांत मात्र त्या काळात कापसावर सढळ हाताने दिलेली उचल आता वसुलीला आली, त्यात सरकारने शेतसारा वाढवला, आणि १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने घेरून कर्जरोखे आणि खातेवह्या जाळल्या. दंग्याच्या चौकशी आयोगाने कारणे शोधताना कापसाच्या त्या तेजी-मंदीची दखल घेतली आहे. अमेरिकेतले यादवी युद्ध जिथे पेटले त्या फोर्ट सम्टरवरच्या तोफांपासून सुप्याच्या बाजारापर्यंत एकच धागा आहे. लँकेशायरचा इतिहास सुप्याशिवाय अपुरा आहे, आणि आपल्या शाळेत शिकवला जाणारा सुप्याचा इतिहास लँकेशायरशिवाय.

एका चित्रकर्तीकडून सगळे जग मागणे अन्यायाचे आहे, असे कुणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. हिमिद यांनी वऱ्हाड रंगवायला हवा होता अशी माझी तक्रार नाही. त्यांनी आपल्या पायाखालच्या जमिनीपासून सुरुवात केली. आपण आपल्या पायाखालून करायची आहे. या दिशेचे मराठी मुलखातले सर्वांत ठळक काम प्रभाकर पाचपुते यांचे आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती गावी १९८६ मध्ये जन्मलेले पाचपुते कोळशाच्या खाणीच्या सावलीत वाढले. घरातली माणसे खाणीत कामाला होती आणि गावाभोवतीची शेती खाणीने गिळत नेली. खैरागड आणि बडोद्यात शिकून आल्यावर त्यांनी कोळशानेच भिंती रंगवायला घेतल्या. डोक्याच्या जागी दिवा, खोरे किंवा यंत्र असलेली माणसे, पोखरलेले डोंगर, दमलेली जनावरे. त्यांच्या कामाला वेल्सच्या कार्डिफमध्ये आर्टेस मुंडी या पारितोषिकाच्या प्रदर्शनात जागा मिळाली, आणि २०२१ मध्ये ते पारितोषिक अंतिम यादीतल्या सहाही कलावंतांत वाटून दिले गेले. दक्षिण वेल्स हा स्वतःच बंद पडलेल्या कोळसाखाणींचा प्रदेश. पाचपुते स्थलांतरित नाहीत, त्यांना कुणी ओळखीच्या शोधाचा चित्रकार म्हणत नाही. पण वेल्सच्या खाणकामगाराच्या नातवाला त्या चित्रांत आपला आजोबा दिसू शकतो, तोही सास्तीचा तपशील जराही न गाळता. यामुळेच मला वाटते की ‘प्रादेशिक’ आणि ‘डायस्पोरा’ हे दोन वेगळे कप्पे नाहीत. एकाच व्यवहाराची ती दोन दारे आहेत, आणि कलावंत ज्या दाराशी उभा असेल तिथून आत येतो.

हे कप्पे मोडले की आणखी एक गोष्ट दिसते, जी ओळखीच्या भाषेत कधी दिसणार नाही. हिमिद यांच्या जन्मगावी, झांझिबारमध्ये, एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या गिरण्यांचे जाडे कोरे कापड एवढे खपे की लोक त्याला ‘मेरिकानी’च म्हणत. यादवी युद्धाने तो व्यापार मोडला, आणि पुढच्या दशकांत त्याची जागा घ्यायला मुंबईच्या गिरण्यांचे कापड पुढे सरसावले. म्हणजे अमेरिकेतल्या त्याच युद्धाने मुंबईला एकीकडे लँकेशायरचा पुरवठादार केले आणि दुसरीकडे झांझिबारचा कापडवाला. त्याच झांझिबारमध्ये कच्छी पेढ्या सुलतानाची जकात मक्त्याने वसूल करत होत्या, आणि तिथल्या हिंदुस्थानी रहिवाशांकडे गुलामही होते; १८६०च्या सुमारास तिथल्या ब्रिटिश वकिलाने त्यांच्या ताब्यातले हजारो गुलाम मुक्त केले. ओळखीच्या नजरेने पाहताना आपण आपल्याला सोसणाऱ्यांच्या रांगेत बसवतो, आणि सुप्याच्या शेतकऱ्याबाबत ते खरेही आहे. पण जागेचा हिशेब मांडायला घेतला की मुंबईच्या नावावर जमा आणि नावे दोन्ही बाजूंना नोंदी निघतात. स्वाहिली म्हण छापलेल्या कांगा कापडाच्या धर्तीवर हिमिद यांनी केलेली चित्रे या दृष्टीने पाहावीत. ती त्यांच्या बालपणाची आठवण नाहीत, तेवढे बालपण त्यांना झांझिबारमध्ये मिळालेच नाही. कापड अंगावर घेणाऱ्या बाईला ते कुणाच्या नफ्यातून आले हे ठाऊक नसते, तरी ती त्यावर स्वतःचे म्हणणे मिरवते, हे त्या चित्रांना दाखवायचे आहे.

या सगळ्याला लागणारे साहित्य आपल्याकडे पडून आहे, आणि ते चित्रकाराच्या डोळ्यांनी पाहिले गेलेले नाही. खामगावला १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले आणि कापसासाठी टाकलेला रेल्वेचा फाटा सुरू झाला. कापसाच्या बाजाराचे इंग्रजांनी केलेले तपशीलवार अहवाल छापील आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन कंपनीने यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर असा अरुंद मार्ग कापसासाठीच टाकला, त्या ‘शकुंतला’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या रेल्वेच्या स्थानकांवर ब्रिटिश कारखान्यांचे शिक्के असलेले सिग्नल आहेत. जुन्या जिनिंग-प्रेसिंगमधली यंत्रे, गठाणींवर रंगवायच्या खुणा, अडत्यांच्या रोजकिर्दी, सरकीच्या पोत्यांवरचे छापे, उचलीचे कागद. सुप्याला वह्या जाळल्या गेल्या, पण वऱ्हाडातल्या पुष्कळ वह्या शाबूत आहेत, आणि त्यांत कापूस वेचणाऱ्या बायांची नावे सापडणार नाहीत. सापडतील ते मण, दर आणि व्याज. हिमिद यांनी शंभर आकृत्यांच्या पाठीवर जे केले ते इथे कुणी यवतमाळच्या वेचणाऱ्यांसाठी करावे, आणि ते काम पहिल्यांदा मुंबईच्या काळा घोड्याला न लावता खामगावच्या बाजार समितीच्या शेडमध्ये, लिलावाच्या दिवशी मांडावे. त्यानंतर ते मँचेस्टरला जावे. तिथे ‘कॉटन डॉट कॉम’च्या भिंतीवर सुरू झालेल्या दोन टोकांच्या संवादाला वीस वर्षांहून अधिक काळ झाला आहे. तिसऱ्याने बोलायला सुरुवात केली की पहिल्या दोघांनाही आपले म्हणणे थोडे बदलावे लागेल.